परभणीचा ‘ब्लूज’: ताडकळसच्या ओव्या टेपवर आल्या, त्याची गोष्ट

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस नावाचं गाव आहे. १९९६ साली पुण्याहून तीन माणसं रेकॉर्डिंगचं सामान घेऊन या गावात आली. हेमा राईरकर, गी प्वातव्हाँ आणि बर्नार बेल. त्यांना ना गायकांची स्पर्धा घ्यायची होती, ना कॅसेट काढायची होती. जात्यावर बसून बायका जे गातात, ते त्यांना टेपवर हवं होतं. ताडकळसमध्ये त्यांच्यासमोर गायल्या त्या गंगूबाई अंबोरे.

गंगूबाईंनी गायलेल्या ओव्यांमध्ये सीतेचा वनवास आहे. रानात एकटी रडणारी सीता आणि तिची समजूत काढायला जमलेल्या बोरी-बाभळी. माणसातलं कुणी नाही म्हणून झाडंच शेजारणी होतात, अशी ती कल्पना. वाल्मीकींच्या रामायणात हा प्रसंग शोधून सापडणार नाही. मराठवाड्यातल्या कोरडवाहू रानात बोर आणि बाभूळ बांधावर असतेच, त्यामुळे सीता रडायला आली ती इथेच, हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

हे रेकॉर्डिंग कुठल्याच कंपनीने बाजारात आणलं नाही. तरीही आज ते कुणालाही फुकट ऐकता येतं, गाणारीच्या नावासकट आणि गावासकट. हे कसं झालं, आणि त्याआधी शंभर वर्षं का झालं नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. थोडं लांबही जावं लागतं, थेट अमेरिकेतल्या कापसाच्या शेतात.

आधी ‘ब्लूज’चं काय ते

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांचं गाणं. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं गोऱ्या मालकाच्या जमिनीवर बटईने कापूस पिकवत होती. मालकाच्या दुकानातून उधारीवर बी-बियाणं आणि किराणा घ्यायचा, पीक आलं की हिशोब व्हायचा आणि हिशोबात बहुतेकदा देणंच निघायचं. शेतात काम करताना मारलेल्या लांबलचक आरोळ्या, चर्चमधली गाणी आणि गिटार यांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लूज आकाराला आला. त्याच्या कडव्याची ठरलेली रचना अशी: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं.

१९२० साली मॅमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी ओके कंपनीने काढली आणि ती तुफान खपली. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की कृष्णवर्णीय लोकही तबकड्या विकत घेतात. त्यानंतरच्या धंद्यात एक गंमतशीर कंपनी होती, पॅरामाउंट. ती विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. कारखाना ग्रामोफोनच्या लाकडी पेट्याही करायचा, आणि पेट्या खपायच्या तर तबकड्याही हव्यात, एवढाच मूळ हिशोब. चार्ली पॅटनसारख्या मोठ्या गायकाच्या पहिल्या तबकड्या १९२९मध्ये या फर्निचरवाल्यांनी काढल्या. संगीताचं जतन वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हतं. मंदीत धंदा बसला तसं त्यांनी दुकान आवरलं.

जतनाचा विचार करणारी माणसं वेगळी होती. १९४१च्या ऑगस्टमध्ये ॲलन लोमॅक्स हा संग्राहक अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी मिसिसिपीतल्या एका मळ्यावर गेला आणि तिथल्या एका ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणाचं गाणं त्याने मुद्रित केलं. दोन वर्षांनी तो तरुण शिकागोला गेला. जग त्याला मडी वॉटर्स म्हणून ओळखतं.

२५० प्रती आणि एक शाळामास्तर

छोट्या, स्वतंत्र ब्लूज कंपनीचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणून अरहूली रेकॉर्ड्सचं नाव घेतलं जातं. ती काढली ख्रिस स्ट्राखविट्झने. हा १९३१ साली जर्मनीच्या सायलेशिया भागात जन्मलेला, महायुद्धानंतर १९४७ला कुटुंबासोबत निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेला. कॅलिफोर्नियात शाळेत जर्मन शिकवायचा आणि पगारातून जुन्या तबकड्या गोळा करायचा.

१९६०च्या उन्हाळ्यात तो आणि मॅक मॅकॉर्मिक हा अभ्यासक टेक्सासमध्ये गायकांच्या शोधात फिरत होते. नॅव्हासोटा गावात विचारपूस करता करता ते मॅन्स लिप्सकोमच्या घरी पोहोचले. लिप्सकोम ६५ वर्षांचा, जन्मभर बटईची शेती केलेला. गावातल्या नाच-गाण्याला तोच वाजवायचा, पण त्याचा आवाज तोवर कुणी मुद्रित केला नव्हता. त्याच्या घरातच टेप लावली गेली. ‘टेक्सास शेअरक्रॉपर अँड साँगस्टर’ या नावाने ती तबकडी निघाली, अरहूलीची पहिली. प्रती फक्त २५०. कव्हरवरचे कागद मित्रांनी घरी बसून डिंकाने चिकटवले. ‘अरहूली’ हा शब्दही शेतातल्या आरोळीचाच एक प्रकार.

पुढच्या साठ वर्षांत या कंपनीने तीनशेहून जास्त अल्बम काढले. पण अरहूलीचं नाव निघतं ते आणखी एका कारणासाठी. मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल हा शेतकरी-गायक ‘यू गॉट्टा मूव्ह’ हे गाणं गायचा. रोलिंग स्टोन्सने १९७१च्या ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमात ते गायलं. एवढ्या मोठ्या बँडकडून एका गरीब म्हाताऱ्याच्या हाती पैसे येणं सोपं नव्हतं. त्या काळात ‘हे तर पारंपरिक गाणं, मालक कोण?’ असं म्हणून हात झटकायची पद्धतच होती. स्ट्राखविट्झने वकिलांमार्फत पिच्छा पुरवला आणि रॉयल्टी मॅकडॉवेलपर्यंत पोहोचवली. मॅकडॉवेल १९७२मध्ये गेला, पण पैसे आले ते जिवंतपणी.

अरहूलीचा सगळा संग्रह २०१६ साली स्मिथसोनियन संस्थेच्या फोकवेज या विभागाकडे गेला. स्ट्राखविट्झ मे २०२३मध्ये वारला.

मग आपल्याकडे अरहूली का झाली नाही?

ध्वनिमुद्रण भारतात उशिरा आलं असं अजिबात नाही. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला येऊन गौहर जानचं गाणं मुद्रित करून गेला. १९०८ला तिथेच तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. मुंबईत नाट्यसंगीत, शास्त्रीय गाणं, कीर्तन, पुढे भावगीत अशा शेकडो मराठी तबकड्या निघाल्या. १९३०च्या दशकात मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ नावाचा स्वदेशी लेबलही चालवला. त्यामुळे छोटा, देशी, परदेशी कंपनीला टक्कर देणारा लेबल ही कल्पना आपल्याकडेही होती.

पण ओवी तबकडीत बसत नव्हती, अगदी शब्दशः. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. ओवीला सुरुवात असते, शेवट मात्र पायलीवर अवलंबून असतो. टोपलीतली ज्वारी संपेपर्यंत गायचं. दळण सरत आलं की त्याच्याही वेगळ्या ओव्या असतात. आणि दुसरी अडचण जास्त मोठी होती: हे गाणं कुणाला ऐकवायचं म्हणून गायलंच जात नव्हतं. पहाटे तीन-चारला उठायचं, एकीने किंवा दोघींनी समोरासमोर बसून खुंट्याला हात घालायचा, दुसऱ्या हाताने मूठ मूठ वैरण घालायची. सासू झोपलेली, नवरा झोपलेला. जातं घरघरतंय, त्या आवाजात सासरचं गाऱ्हाणं गायलं तरी चालतं. श्रोता म्हणजे समोरची जाऊ, नाहीतर दगड. अशा गाण्याला तिकीट कोण लावणार?

कॅसेट आल्यावर, म्हणजे १९८०च्या दशकात, चित्र बरंच बदललं. रेकॉर्डिंग स्वस्त झालं, गावोगावच्या गायकांना आणि छोट्या कंपन्यांना दार उघडलं. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या या उलथापालथीची सविस्तर नोंद केली आहे. महाराष्ट्रात भीमगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं या लाटेवर घरोघरी गेली. मराठवाड्यात एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर कॅसेट मिळत. पण तिथेही गायक बहुतांशी पुरुष, साथीला ढोलकी, की-बोर्ड आणि गाणं मंचावरचं. जात्यापुढची बाई तिथेही नव्हतीच.

तोवर ओव्या कुणी जमवल्याच नव्हत्या असं समजू नये. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये त्या छापल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडच्या खंड काढले, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ केली. हे सगळं कागदावर. शब्द राहिले, चाल उडाली. आणि बहुतेक ठिकाणी कुणी गायली हेही उडालं, कारण ‘लोक’गीत म्हटलं की गाणारीचं नाव लागत नाही अशी एक सोयीस्कर समजूत आहे.

पुण्याची एक छोटी संस्था

गी प्वातव्हाँ मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक होऊन भारतीय नागरिक झालेले. हेमा राईरकर या पुण्याच्या अभ्यासक आणि कार्यकर्त्या. दोघे सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतून काम करत. मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यात गरीब डोंगरी संघटना होती, तिच्या बैठकांना येणाऱ्या बायका बोलताना अधूनमधून ओवी म्हणत. शोषण, दारू, माहेर, जात या विषयांवर या बायकांनी आधीच बरंच काही म्हणून ठेवलंय, हे दोघांच्या लक्षात आलं. १९८०च्या दशकात संकलन सुरू झालं आणि ते करणाऱ्यांत गावातल्या स्त्रियाही होत्या. त्यातून ‘स्टोनमिल अँड भक्ती’ हे दोघांचं इंग्रजी पुस्तक निघालं, तेही १९९६चंच.

आकडा वाढत वाढत एक लाख दहा हजार ओव्यांच्या पुढे गेला, गावं हजाराहून जास्त. प्रत्येक ओवीला विषयानुसार अक्षर-आकड्यांचा क्रमांक. सीतेचा वनवास, भाऊ-बहीण, सासुरवास, पंढरीची वारी, बाबासाहेब असे विषय आणि त्यांचे पोटविषय. ओवीसमोर गाणारीचं नाव, गाव, तालुका.

बर्नार बेल हे फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम केलेले अभियंते आणि संगीताचे अभ्यासक. १९९०च्या दशकात ते आले आणि काम कानाकडे वळलं. ओवीच्या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. एकच ओवी दोन गावांत दोन गळ्यांवर गायली जाते, आणि एकाच गळ्यावर एकीच्या शेकडो ओव्या बसतात. दोन ओळींची ओवी गाताना तिचे तुकडे होतात, एखादा तुकडा पुन्हा येतो, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सया’ असे भरीचे शब्द पडतात. छापील ओवीत यातलं काहीच दिसत नाही. हे सगळं पकडायला टेप लागते. या टीमने एकूण १२० तासांहून जास्त रेकॉर्डिंग केलं, आणि ताडकळसच्या गंगूबाई त्यातल्याच.

त्याच दौऱ्यांच्या काळात शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरमध्येही टेप फिरली. तिथे राधाबाई बोऱ्हाडे आणि इतर दलित स्त्रियांनी डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या. एकीकडे सीता, दुसरीकडे बाबासाहेब, मधे गोदावरी. मराठवाड्याचा विसाव्या शतकातला इतिहास ऐकायचा तर ही दोन रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकावीत.

जनाबाईचा जिल्हा

परभणीत ओवी सापडणं हा योगायोग म्हणता येईल, पण तो फारच चांगला योगायोग आहे. संत जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे याच जिल्ह्यातल्या. नामदेवांच्या घरी पंढरपुरात दासी म्हणून राहिल्या. विठ्ठल येऊन जनीला दळू लागायचा, ही कथा महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला त्यांचं म्हणून दाखवलं जाणारं जातंही आहे. ओव्यांमध्ये जनी वारंवार येते, कारण दळणारीला ती देव्हाऱ्यातली संत वाटत नाही, समोर बसून खुंट्याला हात लावणारी वाटते.

आणि हा जिल्हा ज्वारीचा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथलंच, ‘परभणी मोती’ हे ज्वारीचं वाण त्यांचंच. खायला ज्वारी म्हणजे रोजची भाकरी आणि रोजची भाकरी म्हणजे रोजचं दळण. पिठाची गिरणी गावात आल्यावर हे गणित मोडलं. कंबर मोडणारं काम गेलं याचं कुठल्याही बाईला दुःख नाही, हेही सांगायला हवं. शहरातल्या लोकांना जात्याविषयी जे हळवं वाटतं, ते जातं ओढलेल्यांना वाटेलच असं नाही. आता जातं निघतं ते लग्नघरात हळद दळायला, सुपारी बांधून, फोटोपुरतं. तेव्हा दोन-चार ओव्या होतात. पहाटभर गाता येईल इतक्या ओव्या पाठ असलेली पिढी मात्र विरळ होत चालली आहे.

‘मराठी ब्लूज’ म्हणावं का?

साम्य उघड आहे. दोन्हीकडे कापूस, दोन्हीकडे श्रमाची लय, ओळ पुन्हा म्हणणं, दुःख सांगता सांगता मध्येच टोमणा मारणं. पण ब्लूज गाणारा बहुतेकदा गिटार घेऊन फिरणारा पुरुष होता, शनिवारी रात्री लोकांना नाचवून पैसे कमावणारा. मॅमी स्मिथसारख्या गायिका तर थिएटरमध्ये गायच्या. ओवीवालीला घराचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. ब्लूजची जात बदलून तो बाजारात गेला, ओवी घरातच राहिली. मुंबईत २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल होतो, बडी गायसारखे दिग्गज तिथे वाजवून गेलेत. तिकीट काढून लोक ब्लूज ऐकतात. ओवीचा असा महोत्सव झाला तर गाणारीच्या हातात काय पडेल, हा खरा प्रश्न.

कायदा याबद्दल काय म्हणतो? परंपरेने आलेल्या ओवीला ज्ञात लेखक नाही, त्यामुळे शब्दांवर कुणा एकीचा कॉपीराइट सिद्ध करणं अवघड. पण गाणारीचा हक्क वेगळा असतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ‘कलाकाराचा हक्क’ आला आणि लोकगीत गाणारीही त्यात कलाकारच. आता ही मुदत गायनाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षांची आहे. म्हणजे १९९६मध्ये गायलेल्या ओवीवर हा हक्क २०४६च्या अखेरपर्यंत चालतो. २०१२च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरात कलाकाराला रॉयल्टीचा वाटाही दिला. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट निराळा, तो प्रकाशनापासून ६० वर्षांचा. उद्या एखाद्या संगीतकाराने गंगूबाईंच्या आवाजाचा तुकडा उचलून सिनेमाच्या गाण्यात घातला, तर ‘हे तर लोकगीत’ एवढं म्हणून सुटता येऊ नये, ते यामुळे. अर्थात हक्क कागदावर असणं आणि कुणीतरी वकील लावून तो वसूल करणं यात मॅकडॉवेलइतकं अंतर आहे. ओवी गाणाऱ्या बाईचा स्ट्राखविट्झ कोण?

निदान नाव लागण्याची सोय झाली आहे. गी प्वातव्हाँ २००४मध्ये गेले. इतक्या मोठ्या संग्रहाचं पुढे काय, हा प्रश्न होताच. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने, म्हणजे ‘परी’ने, तो हाती घेतला. २०१७च्या मार्चपासून ‘जात्यावरच्या ओव्या’ या मालिकेत ही गाणी प्रसिद्ध होऊ लागली. नमिता वाईकर या प्रकल्पाचं काम पाहतात. जुन्या संस्थेतले जितेंद्र मैड यांच्यासारखे लोक सोबत होते, आशा ओगले यांनी इंग्रजी अनुवाद केले. ‘परी’ची टीम जुन्या नोंदी हातात घेऊन गावांत पुन्हा गेली, हयात असलेल्या गायिकांना भेटली आणि त्यांचे फोटो, व्हिडिओ आणि आयुष्याची हकिकत ओव्यांसोबत जोडली.

ताडकळसचं पानही तिथे आहे. ऑडिओ, खाली ओव्यांचे शब्द, मग गायिकेचं नाव, गाव, जिल्हा. ऐकताना हेडफोन लावलेला बरा.